खाडीकाठच्या घरठाणात खोल्या वाढवण्यापूर्वी

प्रश्न : आमचे घर चिपळूणच्या खालच्या अंगाला, वाशिष्ठीच्या खाडीकाठच्या गावात आहे. घरठाण आणि आगर मिळून १४ गुंठे जागा आहे. जांभ्याचे कौलारू घर आजेसासऱ्यांनी बांधलेले असून घरपट्टी तेव्हापासून भरली जाते. घराच्या पुढे आगर, आगराच्या पुढे आमचेच खाजण (खाडीकाठचे खारे भातशेत) आणि त्यापुढे खाडीचा जुना बांध आहे. बांध पंधराएक वर्षांपूर्वी फुटला, खाजण पडीक राहिले आणि आता त्यात कांदळ (खारफुटीची झाडे) माजले आहेत. घराच्या मागे, रस्त्याच्या बाजूला, गुरांचा मोडकळीस आलेला गोठा आहे. शिवाय वर डोंगराच्या अंगाला काजूची वरकस जमीन आहे. घरात सध्या सासूबाई एकट्या असतात. यजमान पुढच्या वर्षी मुंबईहून निवृत्त होतील आणि दीरही गावी यायचे म्हणतात. म्हणून आगराच्या बाजूला दोन खोल्या व स्वयंपाकघर वाढवावे, किंवा जुन्या घरावर मजला चढवावा, किंवा काजूच्या जमिनीत वेगळे घर बांधावे, असे तीन विचार चालू आहेत. जमल्यास एखादी खोली पर्यटकांना देता येईल. २०२१ च्या पुरात पडवीत छातीएवढे पाणी होते. ठेकेदार म्हणतो, ‘गावात ३,२०० फुटांपर्यंत कोणी विचारत नाही, बांधून टाका, पुढचे पुढे बघू.’ ग्रामसेवक म्हणतात, ‘सीआरझेड आहे, पूररेषा आहे, काहीच होणार नाही.’ खरे कोणाचे मानायचे?
— एक वाचक, चिपळूण तालुका

उत्तर :

ताई, दोघांचेही मानू नका. तुमच्या १४ गुंठ्यांना मिळून एकच ‘हो’ किंवा एकच ‘नाही’ असे उत्तर नसते. या जागेवरून दोन-तीन रेषा जातात. रेषेच्या अलीकडे जे अशक्य आहे ते पलीकडे रीतसर होऊ शकते. त्यामुळे ‘परवानगी मिळेल का’ हा प्रश्न नंतरचा आहे. आधी कोणती रेषा तुमच्या आवारातून नेमकी कुठून जाते आणि पुराच्या पाण्याची अधिकृत पातळी तुमच्या खळ्यापासून, म्हणजे अंगणापासून, किती उंच आहे, या दोन गोष्टी कागदावर आणायच्या आहेत. त्या हाती येईपर्यंत घराचा नकाशा काढून घेण्यावर एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे बहुतेक जण नेमके उलट करतात. खोल्या, गॅलरी, टाइल्स सगळे ठरते आणि मग जोत्याची आखणी करायच्या दिवशी कोणीतरी रेषेची आठवण काढतो.

प्रथम सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. ही अधिसूचना पहिल्यांदा १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली, २०११ मध्ये नव्याने आली आणि सध्याची १८ जानेवारी २०१९ ची आहे. ती केवळ समुद्रकिनाऱ्याला लागू आहे असा समज खाडीकाठी अजूनही आढळतो, पण तो चुकीचा आहे. भरतीचे पाणी जिथवर चढते आणि कोरड्या दिवसांतही पाण्यात हजारी पाच भाग क्षार जिथवर सापडतो, तिथवर खाडीचे आणि नदीचे काठ तिच्या कक्षेत येतात. गावाच्या हद्दीत समुद्रासमोरच्या जमिनीला भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत हे नियमन असते, तर खाडीकाठी पट्टा अरुंद असतो. २०११ च्या अधिसूचनेत तो १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल तेवढा होता आणि २०१९ च्या अधिसूचनेत ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल तेवढा केला आहे. मात्र ही ५० मीटरची सवलत २०१९ नुसार तयार केलेल्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याला मंजुरी मिळाल्यावरच लागू होते. तोपर्यंत जुनी मर्यादा चालते. म्हणून कार्यालयात गेल्यावर पहिला प्रश्न ‘आमची जागा सीआरझेडमध्ये येते का’ असा न विचारता ‘आमच्या गावासाठी आज कोणत्या अधिसूचनेचा मंजूर नकाशा वापरला जातो’ असा विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

ग्रामीण भागात, म्हणजे सीआरझेड तीनमध्ये, खाडीकाठचा हा संपूर्ण पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. त्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, परंतु ती करताना अस्तित्वातील चटई क्षेत्र (सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम), जोत्याचे क्षेत्रफळ आणि घनता यांपैकी काहीही वाढता कामा नये. तुमच्या दृष्टीने यातील ‘घनता’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जुन्या घराला लागून एक पडवी वाढवणे आणि दुसरे स्वयंपाकघर काढून दिरांचे बिऱ्हाड वेगळे करणे या गोष्टी घरच्यांना सारख्याच वाटतात. छाननी करणाऱ्याला मात्र दुसरी चूल म्हणजे दुसरे घर दिसते. पट्ट्याच्या आत पहिलीने जोते वाढते, दुसरीने जोते आणि घनता दोन्ही वाढतात, म्हणून तिथे दोन्ही बसत नाहीत. पट्टा जिथे संपतो त्यापलीकडे खाडीकाठच्या जमिनीला सीआरझेड उरतच नाही. तुमचे १४ गुंठे खाडीकडून रस्त्याकडे लांबट असावेत असे वर्णनावरून दिसते, तेव्हा ही बाब तुमच्या फायद्याची ठरू शकते.

आता हे अंतर मोजायचे कुठून? पाण्यापासून नाही आणि आगराच्या गडग्यापासूनही नाही. ते भरतीरेषेपासून, म्हणजे उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जास्तीत जास्त जिथवर पोहोचते त्या रेषेपासून मोजतात. इथे तुमच्या पत्रातील फुटलेला बांध मध्ये येतो आणि सगळे प्रकरण त्याच्याभोवती फिरते. १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वी बांधलेला बांध किंवा उघाडी (पाणी अडवायचे-सोडायचे दार) असेल, तर भरतीरेषा त्या बांधावरच थांबते, मागच्या जमिनीत शिरत नाही, अशी तरतूद २०१९ च्या अधिसूचनेत आहे. तुमचा बांध आजेसासऱ्यांच्या काळातला आहे. त्याचा पुरावा खारभूमी विभागाच्या नोंदीत, जुन्या मोजणी नकाशात किंवा फेरफारात सापडला, तर अंतर बांधापासून मोजले जाईल आणि घर कदाचित पूर्णपणे पट्ट्याबाहेर जाईल. इथपर्यंत वाचून आनंद होणे स्वाभाविक आहे. पण त्याच तरतुदीचा दुसरा भाग असा आहे की बांधाच्या आत खारे पाणी शिरल्यामुळे उगवलेले कांदळवन, त्याचे क्षेत्र कितीही लहान असले तरी, सीआरझेड एक-अ या सर्वांत संवेदनशील वर्गात जाते.

त्याच्याही वर मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे. जमीन कोणाच्याही मालकीची असो आणि कांदळवनाचे क्षेत्र कितीही असो, त्याच्या सर्व बाजूंनी ५० मीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे. म्हणजे सातबारावर तुमचेच नाव असले आणि तिथे तुमच्या सासऱ्यांनी भात लावलेले लोकांना आठवत असले, तरी आज त्या खाजणात उभे असलेले कांदळ तुमच्या आगरातील बांधकाम अडवतात. माझ्या अंदाजाने तुमच्या जागेवरची सर्वांत कडक रेषा खाडीची नसून हीच आहे. भरतीरेषा बांधावर थांबली तरी ही ५० मीटरची रेषा कांदळवनाच्या कडेपासून घराच्या दिशेने मोजली जाते आणि आगर तिच्यात सहज झाकले जाते. आगराच्या बाजूच्या दोन खोल्यांचा विचार त्यामुळे सोडून द्यावा. ‘रातोरात कांदळ साफ करून भराव टाकू’ असे सुचवणारा कोणी ना कोणी या टप्प्यावर भेटतोच. कांदळ उपग्रहाच्या चित्रांत वर्षानुवर्षे नोंदलेले असतात. तोडल्याने रेषा हलत नाही. उलट बांधकामाच्या अर्जाचे फौजदारी प्रकरण होऊ शकते.

या रेषा पाहायच्या नकाशाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण निम्मे गैरसमज तिथेच होतात. महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचे जे नकाशे आपल्याला सहज पाहायला मिळतात ते १:२५,००० या प्रमाणावर असतात. या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. दोन मिलिमीटर जाडीच्या रेघेखाली ५० मीटर, म्हणजे तुमचे आगर, घर आणि कदाचित गोठासुद्धा झाकला जातो. मोबाइलवर हा नकाशा मोठा करून ‘बघा, तुमचे घर रेषेच्या बाहेर आहे’ असे कोणी दाखवले तर ते मनावर घेऊ नका, आणि ‘आत आहे’ असे दाखवले तरी लगेच धीर सोडू नका. निर्णयासाठी १:४,००० च्या स्थानिक पातळीवरचा, गट आणि सर्व्हे नंबर दाखवणारा नकाशा लागतो. त्यावर तुमचा भूमी अभिलेखकडील मोजणी नकाशा बसवून घ्यावा लागतो. म्हणून पहिला खर्च मोजणीचा. अर्ज करताना केवळ हद्दी नव्हे, तर घर, गोठा, विहीर, गडगा, बांध आणि कांदळवनाची कड हे सर्व मोजणीत दाखवावे अशी विनंती लेखी नोंदवा. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात आली की वादाचे अर्धे मुद्दे आपोआप गळतात.

दिलासा देणारी एक तरतूदही इथेच सांगतो. स्वतःच्या राहण्यासाठी एकूण ३०० चौरस मीटरपर्यंत बांधकाम असेल, तर २०१९ च्या अधिसूचनेनुसार प्रकरण मुंबईला प्राधिकरणाकडे जाण्याची गरज नसते; स्थानिक प्राधिकरणच मंजुरी देऊ शकते. पण त्याने प्रस्ताव अधिसूचनेच्या निकषांवर तपासूनच मंजुरी द्यायची असते. म्हणजे फेरी वाचते, नियम वाचत नाही.

आता पूररेषा. सीआरझेड आणि पूररेषा यांचा एकमेकींशी संबंध नाही. एकीतून सुटलेली जागा दुसरीत अडकू शकते. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. नदीपात्र ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, आणि निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. ‘१०० वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकून २०२१ चा पूर येऊन गेला, आता आपल्या हयातीत चिंता नाही, असे अनेक जण मानतात. वास्तविक त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता एवढाच आहे, आणि निळ्या रेषेच्या बाबतीत दरवर्षी शंभरात चार. तुम्ही निवृत्तीसाठी बांधाल ते घर तीस वर्षे वापराल असे धरले, तर त्या काळात निळ्या रेषेपर्यंत पाणी निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ७० टक्के आणि लाल रेषेपर्यंत येण्याची सुमारे २६ टक्के निघते. आकडेमोड साधी आहे. पण ती ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात कधीच नसते. शिवाय वाशिष्ठीत केवळ सह्याद्रीवरचा पाऊस येत नाही, तर कोयना प्रकल्पाच्या वीजनिर्मितीतून सोडलेले पाणीही येते, आणि उधाणाची भरती असेल तर खाली खाडी ते पटकन घेत नाही. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन तारखा चिपळूणकरांना वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत.

राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे. तिच्यानुसार निळ्या रेषेच्या आत नवे घर बांधता येत नाही. मात्र तिथे आधीपासून असलेल्या अधिकृत घराचा पुनर्विकास, जलसंपदा विभागाच्या ना-हरकतीने, लाल रेषेच्या पातळीपासून ०.४५ मीटर उंचीवर होऊ शकतो. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे नवे बांधकामही त्याच उंचीच्या अटीवर करता येते. एखाद्या भूखंडाचा काही भाग पूररेषेत आणि काही बाहेर असेल, तर आतील भागाचे चटई क्षेत्र बाहेरच्या भागावर वापरण्याचीही मुभा आहे. ही शेवटची तरतूद तुमच्यासारख्या लांबट जागेला विशेष उपयोगी आहे आणि ग्रामपंचायतीत ती क्वचितच कोणी सांगते.

०.४५ मीटर म्हणजे दीड फूट, हे ऐकायला किरकोळ वाटते. पण ही उंची जमिनीपासून नाही, तर लाल रेषेच्या पातळीपासून मोजायची आहे. समजा, तुमच्या खळ्याचा तलांक, म्हणजे ठरलेल्या मूळ पातळीपासूनची उंची, ६.९० मीटर निघाला आणि लाल रेषेचा ८.२० मीटर. तर नव्या घराची जमीन ८.६५ मीटरवर घ्यावी लागेल, म्हणजे खळ्यापासून १.७५ मीटर, जवळजवळ पावणेसहा फूट वर. साडेसहा इंचांची पायरी धरली तर अकरा पायऱ्या होतात. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर उताराचा विचार कराल, पण बाराला एक या सोयीच्या प्रमाणात तो २१ मीटर लांब होतो, आणि एवढी जागा आवारात काढणे सोपे नाही. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. खरे आकडे मिळवण्यासाठी चिपळूणच्या पाटबंधारे कार्यालयाकडे गट क्रमांक, मोजणी नकाशा जोडून अर्ज करा आणि ‘आमच्या जागेलगत निळ्या व लाल रेषेचा तलांक किती आहे आणि जवळचा बेंचमार्क कोणता’ असे विचारा. मग एखाद्या सर्व्हेअरकडून लेव्हल मशीन लावून तो तलांक तुमच्या घराच्या चौथऱ्यावर आणून घ्या. पडवीच्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याची खूण राहिली असेल, तर तिचाही तलांक त्याच वेळी मोजून ठेवा. ती खूण म्हणजे लाल रेषा नव्हे. पण दोन्हींमध्ये जी वर असेल ती तुमची रेषा, असे मी धरीन. तुमच्या गावापर्यंत पूररेषा आखलेलीच नसेल, तर तसे लेखी उत्तर घ्या आणि त्या खुणेवरून उंची ठरवा.

ही उंची गाठायची कशी, यावर मात्र माझे मत ठाम आहे. आपल्याकडे सरसकट चिऱ्याचे जोते उचलून आत मातीचा भराव टाकतात. १०० चौरस मीटर घराला १.७५ मीटर उंचीने १७५ घनमीटर भराव लागतो आणि पुराच्या वेळी त्यातील पाण्याच्या पातळीखालच्या भागाएवढी पाण्याची जागा कमी होते. ते पाणी शेजाऱ्याच्या ओटीवर जाते आणि पुढच्या पावसाळ्यानंतर गावकीच्या बैठकीत तो विषय निघतो. शिवाय भराव नीट बसलेला नसेल तर पूर ओसरताना जोत्याच्या कोपऱ्यांखालची माती निघून जाते. त्याऐवजी काँक्रीटच्या खांबांवर घर उचलावे, खाली मोकळे ठेवावे, आणि पाण्याच्या वाहत्या दिशेला आडवी भिंत घालू नये. खाली स्कूटर, लाकडे, पेंढा काहीही राहू द्या. पण पुढे-मागे ग्रिल लावून तिथे खोली करण्याचा मोह आवरा, कारण ती खोली नियमात बसत नाही आणि पाण्यातही टिकत नाही. खाडीच्या काळ्या चिखलावर खांब उभे करायचे असतील तर मातीची तपासणी करून घ्या. विजेचे मीटर, बोर्ड आणि पंपाचा स्टार्टर लाल रेषेच्या वर हवेत, हे सांगायला नको.

याच कारणाने जुन्या घरावर मजला चढवणे मला पसंत नाही. घर पट्ट्यात किंवा कांदळवनाच्या ५० मीटरांत असेल तर प्रश्नच मिटतो. नसेल तरी जांभ्याच्या मातीत बांधलेल्या भिंती कौलारू छपरासाठी असतात, स्लॅबच्या वजनासाठी नसतात, आणि २०२१ मध्ये त्या बराच वेळ पाण्यात होत्या. जुन्या घराच्या पोटातून खांब काढून वर स्लॅब टाकल्याचे तालुक्यात बरेच ठिकाणी दिसेल. त्यातील पुष्कळ घरांत खालचे माजघर अंधारे होते आणि वरची खोली जून महिन्यापर्यंत तापते. जुने घर आहे तसे दुरुस्त करून सासूबाईंना तिथेच राहू द्यावे हे बरे.

काजूच्या जमिनीचा पर्याय तुम्ही शेवटी लिहिला आहे आणि बहुतेक कुटुंबांचे मन तिकडे झुकते, कारण तिथे पाण्याची भीती नाही. पण २०२१ च्या त्याच जुलै महिन्यात महाड तालुक्यातील तळिये आणि खेड तालुक्यातील पोसरे इथे दरडी कोसळून माणसे गेली. आपल्या भूभागाची अडचणच अशी आहे की खाली पाणी आणि वर दरड. नियमावलीत पाचाला एकपेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी नाही. म्हणजे पाच मीटर आडवे गेल्यावर जमीन एक मीटरहून जास्त चढत असेल तर तो भाग सोडावा. जेसीबीने डोंगर कापून सपाटी करणे आणि उकरलेली माती खालच्या कडेला लोटून तिच्यावर घराचा अर्धा भाग बसवणे ही रत्नागिरी-सिंधुदुर्गात रूढ झालेली सर्वांत धोकादायक पद्धत आहे. कापलेल्या बाजूला पावसाचे पाणी मुरते, लोटलेल्या बाजूला आधार नसतो. जमिनीत नैसर्गिक सपाट भाग असेल, वर मोठा चढ नसेल, आणि जवळचा व्हाळ (ओढा) पावसाळ्यात दिशा बदलत नसेल, तरच हा विचार पुढे न्यावा. त्या जमिनीचा प्रादेशिक योजनेतील झोन कोणता, सातबाऱ्यावर खासगी वनाची नोंद आहे का, आणि ती गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत आहे का, हे तपासा. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मध्ये गावठाणालगतच्या २०० मीटरच्या पट्ट्याला निवासी वापरासाठी अकृषिक परवानगीच्या दृष्टीने सवलत आहे. त्या सवलतीने उतार सपाट होत नाही, एवढे लक्षात असू द्या.

ठेकेदाराचे ३,२०० फूट हे अगदीच निराधार नाहीत. ग्रामीण भागात त्या मर्यादेपर्यंतच्या भूखंडांना नगररचना कार्यालयात न जाता ग्रामपंचायतीकडून बांधकामाची वाट मोकळी करण्याची सवलत २०२१ मध्ये जाहीर झाली होती. पण ती कोणत्या कार्यालयाने परवानगी द्यायची याबद्दलची सवलत आहे. तिने सीआरझेड उठत नाही, पूररेषा हटत नाही आणि उच्च न्यायालयाचा निकालही बाजूला पडत नाही. ‘पुढचे पुढे बघू’ याचा हिशेबही मांडून पाहा. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ खाली एप्रिल २०२४ पासून दंडाची मर्यादा १० हजार ते १५ लाख रुपये आहे, आणि बांधकाम पाडण्याचा आदेश होऊ शकतो तो वेगळाच. घरपट्टी लागली म्हणजे घर नियमित झाले हाही असाच एक समज; नमुना आठमधील नोंद ही कर आकारणीची नोंद असते. मात्र जुने घर ‘अस्तित्वात होते’ हे दाखवायला तीच नोंद फार मोलाची आहे, म्हणून १९९१ पूर्वीच्या असेसमेंट उताऱ्याची प्रमाणित प्रत ग्रामपंचायतीकडून आताच काढून ठेवा. दप्तर पुरात भिजलेल्या ग्रामपंचायती कमी नाहीत.

ग्रामसेवकांचे ‘काहीच होणार नाही’ हेही मी मान्य करत नाही, कारण तुमच्या पत्रात एक जागा अशी आहे जिचा तुम्ही पर्याय म्हणून विचारच केलेला नाही. ती म्हणजे घरामागचा, रस्त्याकडचा गोठा. तो खाडीपासून आणि कांदळवनापासून सर्वांत लांब आहे, बहुधा आवारातील सर्वांत उंच भागावर आहे आणि रस्त्याला लागून आहे. तो भाग खाडीकाठच्या पट्ट्याच्या आणि कांदळवनाच्या ५० मीटरांच्या बाहेर निघाला आणि निळ्या रेषेच्याही बाहेर असला, तर तिथे खांबांवर उचललेले, दोन बिऱ्हाडांचे, तळमजला मोकळा असलेले घर रीतसर परवानगीने उभे राहू शकते. पूर आला तर त्या रात्री सासूबाईंना अंगणातूनच तिकडे नेता येईल, हा फायदा काजूच्या जमिनीतील घराला नाही. आगर तसेच राहील आणि पुराचे पाणी पसरायला जागाही राहील. गोठा निळ्या रेषेच्या आत निघाला, तर मात्र नव्या घराचा विचार सोडून जुन्या घराच्याच जागी, आहे तेवढ्या जोत्यावर, उंच पुनर्बांधणीसाठी जलसंपदा विभागाकडे जावे लागेल, आणि तेही घर कांदळवनाच्या ५० मीटरांबाहेर असेल तरच; ते सीआरझेडच्या पट्ट्यात निघाले तर चटई क्षेत्र आणि घनताही आहे तेवढीच ठेवावी लागेल. मग दिरांच्या बिऱ्हाडाची सोय वेगळी पाहावी लागेल, हे कुटुंबात आधीच बोलून घेतलेले बरे.

शौचालयाची टाकी आणि शोषखड्डा नव्या घराच्या उतारावर, विहिरीपासून शक्य तितक्या दूर घ्या. नव्याने बांधलेली, अजून रिकामी असलेली टाकी पुराच्या पाण्यात खालून उचलली जाते, तेव्हा पावसाळ्यापूर्वी ती पाण्याने भरून ठेवायची असते.

पर्यटकांना खोली देण्याबद्दल इतकेच सांगतो की, स्थानिक रहिवाशांनी घराचे जोते, रचना किंवा दर्शनी भाग न बदलता घरगुती निवास देण्याला २०१९ च्या अधिसूचनेत वाव ठेवला आहे, आणि राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे निवास व न्याहारी योजनेखाली नोंदणी करता येते. पण बांधकामाचा अर्ज ‘स्वतःच्या निवासासाठी’ असा करून आराखड्यात चार स्वतंत्र खोल्या आणि चार संडास दाखवू नका. छाननी करणाऱ्याच्या नजरेत ते पहिल्यांदा भरते.

राहिला सातबारा. तुम्ही लिहिले नाही, पण आजेसासऱ्यांच्या घरावर केवळ यजमान आणि दीर यांचीच नावे असतील असे मला वाटत नाही. आत्या, चुलते आणि त्यांची मुले असतीलच. सामाईक जमिनीवर बांधकामाचा अर्ज करताना सर्व सहहिस्सेदारांची नोंदणीकृत संमती लागेल, किंवा आधी वाटप करून घ्यावे लागेल. वाटपाला वेळ लागतो आणि मने दुखावतात. संमतीपत्र तुलनेने सोपे आहे, फक्त त्यात गोठ्याच्या जागेची लांबी-रुंदी मोजणी नकाशाप्रमाणे लिहा, ‘आवारात कुठेही’ असे मोघम ठेवू नका. सगळे चाकरमानी गणपतीला घरी येतातच. त्या आधी ‘क’ प्रत हातात येईल अशा बेताने मोजणीचा अर्ज करा, मसुदा वकिलांकडून तयार ठेवा, आणि चतुर्थीची सुट्टी सोडून विसर्जनापर्यंतच्या एखाद्या कामाच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात सर्वांची वेळ आधीच घेऊन ठेवा. कोणाचे आधार कार्ड मुंबईला राहिले तर एकाच सहीसाठी प्रकरण पुढच्या वर्षावर जाते.